शेवटच्या रांगेचा उजेड

...आणि सरळ बघितलं की ती बॉबिन नाहीशी व्हायची. नजर जरा बाजूला नेली, कात्रीच्या दांड्याकडे किंवा टेबलाच्या कोपऱ्याकडे, जणू आपल्याला बॉबिनशी काही देणंघेणंच नाही अशी, की ती हळूच परत यायची. पांढऱ्या टेबलावरची पांढऱ्या दोऱ्याची बॉबिन, तिची एक कड, कडेवरची बारीकशी चकाकी... आणि आता सापडली म्हणून तिच्याकडे वळावं तर पुन्हा तिथे नुसता धुरकट डाग. डाग टेबलावर नाही, डोळ्यात आहे, हे तिला पाठ झालं होतं. तरी हात आपोआप टेबल पुसायला जायचा.

"आता?" दारातून नवऱ्याने विचारलं.

दाराच्या चौकटीतली उंच, थोडी डावीकडे कललेली आकृती म्हणजे तो. चेहरा तिला बऱ्याच दिवसांत दिसला नव्हता, चेहऱ्याच्या जागी सपाट काहीतरी असायचं. पण तो कसा उभा आहे हे तिला न बघताच ठाऊक होतं—डोळे किलकिले, हनुवटी वर, एक हात उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरच्या बटणावर. नाटकांना दिवे करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. तालमींना तो प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेमागे असाच उभा राहायचा आणि समोरच्या काळोखातून एकेक माणूस, एकेक खुर्ची, एकेक जिना उचलून उजेडात ठेवायचा. शहरात दिवे लावणारे पुष्कळ होते, पण नुसतं 'दिवेवाला' म्हटलं की लोक यांचंच घर दाखवायचे.

"दिसतंय की," ती म्हणाली. "छान दिसतंय."

"मघापेक्षा?"

"मघापेक्षा खूपच."

त्याने समाधानाने हुंकार भरला आणि शिटी वाजवत तो स्वयंपाकघरात गेला. तिने बोटांनी टेबल चाचपून बॉबिन शोधली आणि पत्र्याच्या डबीत टाकली. मशीनच्या खणातलं सगळं ती एकेक करून त्या डबीत भरत होती: कापड धरून ठेवणाऱ्या दाबपट्ट्या, छोटा पेचकस, सुयांची पाकिटं. संध्याकाळी लेक येणार होती आणि मशीन घेऊन जाणार होती. लेकीच्या नणंदेला शिवण शिकायचं होतं. मशीन द्यायचं हे तिनेच ठरवलं होतं, कुणी म्हटलं नव्हतं. उलट तिने फोन करून सांगितलं तेव्हा लेकीने नक्की का म्हणून पुन्हा विचारलं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, "मधलं जातंय, कडेचं राहील." चांगला माणूस, तोंडावर खरं सांगणारा. ती तेव्हा मनात म्हणाली होती, राहू दे कडेचं, जन्मभर मी कडाच शिवल्या आहेत! पण हे सुचायला बरं, करायला नाही. कड शिवायची तरी सुईच्या टोकाकडे सरळ बघावं लागतं, आणि सरळ बघितलं की नेमकं ते टोक गायब. चष्म्याने आता फारसं होणार नाही, डॉक्टर म्हणाले. उजेड वाढवून बघा. शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याचा श्वास त्या एका शब्दासरशी बदललेला तिला ऐकू आला होता. "उजेड ना?" तो म्हणाला होता. "मग ते माझं खातं."

त्याआधी कितीतरी दिवस त्याला कसलंच खातं नव्हतं. नाटकांचे दिवे आता संगणकावर चालायचे, नवी मंडळी बोटांनी पडद्यावर रेघा ओढायची, आणि हा माणूस सकाळचं वर्तमानपत्र दुपारपर्यंत वाचत पडून राहायचा. पान उलटल्याचा आवाज येत नसे, म्हणजे एकच पान. डॉक्टरांकडून आल्या दिवशी त्याने माळ्यावरची शिडी काढली. मग पेटारा काढला. मग भिंतींना भोकं पाडायला सुरुवात केली, आणि भोकं पाडता पाडता तो शिटी वाजवू लागला.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी गत झाली. तिला वाटलं होतं एखादा दिवा मिळेल. त्याने खोलीचा रंगमंच केला. समोरच्या भिंतीवर वर, डावीकडे आणि उजवीकडे, दोन स्पॉट तिच्या खुर्चीवर रोखलेले. मागून, डोक्याच्या वर, तिसरा. हा कशाला, तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तू भिंतीत मिसळतेस. मागून उजेड आला की माणूस भिंतीपासून सुटं होतं." मिसळेना का, माझीच भिंत आहे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. टेबलावर त्याने पांढराशुभ्र पत्रा बसवून घेतला, उजेड परतावा म्हणून. आणि खिडकीचा पडदा कायमचा ओढून टाकला, कारण बाहेरचा उजेड त्याच्या मते बेशिस्त. कधी वाढतो, कधी कमी होतो, कुणाचं ऐकत नाही.

मग ती त्या खुर्चीवर बसायची आणि समोरून दोन मोटारी अंगावर याव्यात तसे ते दोन दिवे डोळ्यांत शिरायचे. टेबल खालून पेटायचं. सुईखालची पट्टी चमकायची, कात्री चमकायची, पत्र्यावरचा प्रत्येक ओरखडा चमकायचा, आणि ज्या एका जागी बघायचं तिथे मागच्या दिव्याने तिच्याच डोक्याची सावली पाडलेली असायची. त्या सावलीत तो डाग. डोळ्यांतून पाणी यायचं. दारातून तो विचारायचा, आता?

मी काय सांगणार होते? हे शिडीवर चढलेले, तोंडात स्क्रू, खांद्यावर वायरचं वेटोळं, आणि अंगात असा उत्साह, जसा लग्नानंतरच्या दिवसांत होता. त्यांना म्हणायचं, की नाही हो, काही दिसत नाही, उतरा खाली? पुन्हा ते वर्तमानपत्र, पुन्हा ते एकच पान... बोलायची चोरीच होती. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. त्याच्यामागे एक दुसरी गोष्ट होती आणि ती मी स्वतःलाही मोठ्याने सांगत नव्हते. उजेडातलं यांना कळतं तेवढं कुणालाच कळत नाही, हे मी पहिल्यापासून मानत आले. मग यांच्या उजेडात मला दिसत नसेल, तर दिव्यांचा काय दोष? माझेच डोळे संपले. यांनी सगळं करून झालं आणि तरी दिसत नाही, म्हणजे आता दिसणं संपलंच.

एकदा तो बाहेर गेला असताना शेजारणीच्या मुलाची पँट ती आखूड करायला बसली होती. सोपं काम, डोळे मिटून करावं असं. पाय दुमडला, शिवला, दोरा तोडला, घडी घातली, सगळं हाताच्या सवयीने. पँट घेऊन गेलेली शेजारीण संध्याकाळी परत आली ती हसू दाबत. पाय खालून बंदच होता. पुढचं आणि मागचं कापड तिने एकत्र शिवून टाकलं होतं, पिशवीसारखं. "असू द्या हो काकू," शेजारीण म्हणाली, "होतं असं. मी उसवते घरी." शेजारणीने भांडायला हवं होतं. पूर्वी एक टाका वाकडा गेला तर हीच बाई जिन्यात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची. त्या दिवशी ती हळू आवाजात समजूत घालत राहिली. आणि त्याच रात्री हिने आपल्या लेकीला फोन करून मशीन घेऊन जा म्हणून सांगितलं.

डबीचं झाकण लागत नव्हतं. ती ते दाबत असतानाच फोन वाजला.

"आई, निघायच्या आधी फोन करते गं," लेक म्हणाली. "टेम्पोवाला सांगून ठेवलाय. माझी नणंद तर हरखून गेलीय नुसती, सकाळपासून तीनदा विचारून झालं तिचं."

"दे गं तिला. इथे पडून राहण्यापेक्षा कुणाच्या तरी हाताखाली जाईल."

"बाबा काही म्हणाले?"

"त्यांना काय म्हणायचंय?"

"तू पण ना आई, किती गोड झाली आहेस हल्ली! पूर्वी त्या मशीनला नुसतं बोट लावलं तरी खेकसायचीस अंगावर."

ती हसली. फोन ठेवल्यावरही थोडा वेळ हसतच राहिली, कारण चेहऱ्याला दुसरं काय करायला सांगावं ते कळेना. गोड. सगळेच म्हणत होते हल्ली. डॉक्टरांची नर्स म्हणाली, भाजीवाली म्हणाली, शेजारीण तर जिन्यात हात धरते. खेकसायला समोरचं दिसावं लागतं, बाई! कोण बोट लावतंय, कुठे लावतंय, हे कळल्याशिवाय खेकसणार कुणावर? तिला एकदम फार वाईट वाटलं, इतकं की ती टेबलाची कड धरून बसून राहिली.

"पडून का राहील?"

तो कधी आला होता कुणास ठाऊक. आवाज दारातून नव्हता, जवळून होता.

"काय?"

"मशीन. लेकीला म्हणालीस, पडून राहण्यापेक्षा. पडून का राहील? तुला दिसतंय ना?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दिसतंय म्हणायचं, रोज म्हणायचं, आणि मशीन द्यायचं. तिने कधी या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघितल्याच नव्हत्या.

"दिसतंय हो. पण कंटाळा आला आता."

"कशाचा?"

"शिवणाचा."

"तुला?"

"का, मला येऊ नये? माणसाला कंटाळा येत नाही का?"

ती वाट बघत होती, त्याने वाद घालावा, आवाज चढवावा, निदान खोटं बोलतेस म्हणावं. तो "बरं" म्हणाला. मग शिडी सरकवल्याचा आवाज आला, तिच्या पायांचे रबर फरशीवर घासल्याचा.

"काय करताय?"

"काढून ठेवतो. मशीनच नाही तर दिवे कुणासाठी?"

त्याने ते रागाने केलं असतं तर सोपं गेलं असतं. तो हळूहळू, नीट, एकेक स्क्रू काढून वाटीत टाकत होता, आणि प्रत्येक स्क्रूचा वेगळा आवाज येत होता. शिटी थांबली होती. मला वाटलं उठावं, त्यांचा सदरा धरावा आणि ओरडून सांगावं की अहो, मला दिसत नाही, तुमचे दिवे उत्तम आहेत आणि मला दिसत नाही, तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका... पण हे सांगितलं की खरं होणार होतं. तोवर ते फक्त माझ्यापुरतं होतं. म्हणून ती उठली नाही. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने मशीनवर टाकलेला त्याचा काळा शर्ट ओढला. हा त्याचा नाटकाचा शर्ट. पडद्यामागच्या माणसांनी काळं घालायचं, म्हणजे चुकून उजेडात आलं तरी दिसत नाही. धुऊन धुऊन तो विटला होता. त्याची एक बाही काखेत उसवली होती आणि काळ्यावर काळा टाका घालायचा या धास्तीनेच ती आज उद्या करत राहिली होती. आता तो घडी करून त्याच्या कपाटात ठेवून द्यायचा, एवढंच उरलं होतं.

डावीकडचा स्पॉट भिंतीवरून सुटला, पण त्याची वायर कुठेतरी अडकली. तो पुटपुटला. मागच्या दिव्याची जोडणी त्याच तारेवर. ती सोडवायला त्याने मागचा बंद केला, उजवीकडचा बंद केला, आणि हातातला, उजेडापुरता चालू ठेवलेला दिवा तात्पुरता तिच्या टेबलाशेजारच्या बुटक्या स्टुलावर आडवा ठेवून तो पुन्हा शिडीकडे गेला. खोली एकदम मंदावली. डोळ्यांवरचा तो दोन मोटारींचा मारा थांबला, आणि थांबल्यावर कळलं की आपण इतका वेळ कपाळ किती आवळून बसलो होतो.

तिने शर्टाची बाही घडीसाठी आत वळवली... आणि थांबली.

काळ्यावर एक रेघ होती.

तिला आधी वाटलं दोरा पडलाय. तिने फुंकर मारली. रेघ हलली नाही. तिने नजर शिताफीने स्टुलाच्या पायाकडे नेली, आता सवयीने नेतच होती, तर रेघ जास्तच स्पष्ट झाली: एका बाजूने उजळ, दुसऱ्या बाजूने काळी, मधे बारीक उंचवटा. शिवण. खालून, कडेने, कापडाला जवळजवळ टेकून येणारा तो उजेड शिवणीच्या उंचवट्याला अडत होता आणि पलीकडे तिची सावली पडत होती. काळ्या कापडावर काळा दोरा दिसायची काहीच गरज नव्हती, सावली दिसत होती. तिने अंगठ्याचं नख त्या रेघेवर ठेवलं आणि ते नेमकं शिवणीच्या खाचेत बसलं. डोळ्याने दाखवलेली जागा आणि बोटाला लागलेली जागा एकच निघाली! तिने नख पुढे नेलं. रेघ गेली, गेली, आणि काखेपाशी तुटली. तिथे दोन्ही कडा उघड्या, कापडाचे धागे उभे, आणि प्रत्येक धाग्याला स्वतःची इवलीशी सावली.

तिला श्वास घ्यायची भीती वाटली. हे डोळ्यांचे खेळ असतील, दुपारी चहा झाला नाही म्हणून असेल, मन फार इच्छा करतं तेव्हा... तिने बाही उलटी केली. दुसऱ्या बाजूची शिवणही दिसली. खांद्यावरचीही. खिशाचा कोपरा तर ठळकच दिसला, आणि तो तिनेच पूर्वी कधीतरी घाईत शिवलेला, एक टाका बाहेर गेलेला. तो चुकलेला टाका दिसल्यावर मात्र तिची खात्री पटली. मन काही हवंहवंसं दाखवत असतं तर ते इतकं गचाळ काम कशाला दाखवेल!

"सरक जरा, गरम आहे तो," म्हणत त्याचा हात दिव्याकडे आला.

"हात लावू नका!"

तो जागच्या जागी थिजला. "काय झालं? भाजलं?"

"दिवा तिथेच राहू द्या."

"अगं, तो नुसता टेकवलाय. आडवा पडलाय. हा काय उजेड आहे? सगळं तोंड अंधारात गेलंय तुझं."

"माझ्या तोंडाचं काय करायचंय?"

तो गोंधळून उभा राहिला. ती त्याच्याकडे बघत होती, म्हणजे त्याच्या कानाच्या बाजूच्या हवेकडे, आणि तिच्या लक्षात आलं की आता सांगावं लागणार. मूग गिळून बसायचे दिवस संपले होते. बाही एका हातात घट्ट धरून ती उठली.

"ते उरलेले दोन लावा परत. आणि बसा इथे."

"कुठे?"

"माझ्या खुर्चीवर."

"मी? कशाला?"

"बसा म्हणते ना."

तो बसला. खुर्ची करकरली, ती स्वतः बसली की वेगळी करकरायची. समोरचा एक आणि मागचा एक असे दोन दिवे लागले होते. "मूठ करा," ती म्हणाली, "आणि नाकासमोर धरा. डोळ्यांपासून वीतभर. एवढं मला कायमचं असतं. आता मुठीच्या कडेने बघून सांगा, टेबलावर दोरा कुठे आहे."

त्याने मूठ धरली. मान इकडे केली, तिकडे केली. आणि मग त्याचा दुसरा हात, हे तिला कडेच्या नजरेने अगदी साफ दिसलं, हळूच वर गेला आणि कपाळाशी आडवा झाला, उन्हात धरतात तसा.

"हा तर डोळ्यातच येतोय," तो म्हणाला.

"हो."

"आणि टेबलावर... ही सावली माझ्याच डोक्याची का?"

"तुमच्याच. भिंतीपासून सुटं झालेलं डोकं."

"रोज असंच?"

"रोज."

"मग दिसतंय, दिसतंय काय सांगत होतीस गं मला?" आता त्याचा आवाज चढला. "मी मूर्खासारखा दारात उभा राहून विचारतोय, आणि तू..."

"शिटी वाजवत होतात तुम्ही."

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. तो खुर्चीतून उठला नाही, मूठही खाली घेतली नाही त्याने.

"या खुर्चीवर मी कधी बसलोच नाही," तो म्हणाला.

"नाटकातल्या खुर्चीवर तरी कधी बसलात?"

"तिथे कोण बघायला बसतं? तिथे बसलेल्याला लोक बघतात. आपण शेवटच्या रांगेतल्या माणसाचा विचार करायचा, त्याला दिसलं पाहिजे..." तो थांबला. "मी आपला त्याच्यासाठीच दिवे लावत बसलो."

तिच्या मनात आलं: शेवटच्या रांगेत होतं कोण? हाच. रोज दारात उभं राहून, डोळे किलकिले करून, हा माझ्याकडे बघत होता. माझ्या चेहऱ्यावर दोन बाजूंनी उजेड, केसांच्या मागे उजेड... मला काही दिसो न दिसो, यांना मी दिसत होते, छान दिसत होते, आणि त्या छान दिसण्यालाच हे माझं दिसणं समजून चालले होते. तिला हसू आलं, चीड आली, आणि त्याहून जास्त माया वाटली. इतकी वर्षं कुणाच्या तरी डोळ्यांत आपण उजेडात बसलेलो आहोत, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

"दारात उभं राहून उंटावरून शेळ्या हाकल्यात," ती म्हणाली. "उतरा आता उंटावरून."

तो हसला. मग तो उठला, दोन्ही दिवे बंद केले, आणि फरशीवर चक्क मांडी घालून त्या स्टुलाशेजारी बसला.

पुढचा वेळ कसा गेला ते तिला सांगता आलं नसतं. त्याने पेटाऱ्यातून नाटकाच्या जुन्या पडद्याचा काळा तुकडा काढला आणि टेबलाचा तो पांढरा पत्रा झाकून टाकला. टेबल विझलं तशी त्याच्यावरची कात्री दिसू लागली, टेपची पिवळी पट्टी दिसू लागली. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याने दिव्याला झडप केली, म्हणजे उजेड डोळ्यांकडे येणार नाही, कापडावरच सांडेल. विचारत होता तोच जुना प्रश्न, पण आता जमिनीवरून, आणि ती नाही म्हणत होती. नाही, अजून खाली. नाही, एवढा जवळ नको, वीण पुसली जाते. नाही, डाव्या बाजूने या, उजवीकडून माझ्याच हाताची सावली पडते. इतक्यांदा नाही म्हणताना तिला आधी संकोच वाटला, मग वाटेनासा झाला. प्रत्येक 'नाही'ला तो वीतभर सरकायचा, आणि प्रत्येक वेळी कापड थोडं जास्त उघडायचं.

"आणि तो पडदा उघडा खिडकीचा."

"तो उजेड माझ्या ताब्यात नसतो."

"नसू दे. माझ्या पाठीवरून येऊ दे, मी बघते त्याच्याकडे."

पडदा उघडला. दुपार कलली होती. बाहेरचा उजेड तिच्या खांद्यावरून मऊपणे टेबलावर आला आणि त्याच्या दिव्याशी काही भांडला नाही.

दोरा ओवायला तिने त्याला बोलावलं नाही. डबी उघडून, काळ्या पडद्यावर सगळं ओतून, तिने मघाची बॉबिन घेतली. आता ती कुठे लपणार होती!

"पांढरा?" तो म्हणाला. "काळ्या शर्टावर? दिसेल की."

"दिसू दे. आता कुणापासून लपायचंय तुम्हाला?"

तिने बोटाने सुईचं नेढं चाचपून दोरा ओवला, बाही सुईखाली सरकवली, दाबपट्टी खाली पाडली, पाय पायपट्टीवर ठेवला. पहिला टाका तिने मशीनचं चाक हाताने फिरवून घातला. रेघ सुईखाली येत होती, नाहीशी होत होती, पुन्हा कडेने येत होती, आणि तिच्यामागून पांढरी शिवण बाहेर पडत होती. एके ठिकाणी ती भरकटली. तिने थांबून नखाने बघितलं, तेवढं उसवलं, पुन्हा घातलं. पूर्वी ज्याला चहा उकळेपर्यंतचा वेळ लागला असता, त्याला आता दुपार लागत होती. हे काही पूर्वीसारखं नव्हतं, आणि ते होणारही नव्हतं. डॉक्टरांनी कडेचं राहील म्हटलं होतं, पण किती राहील ते म्हटलं नव्हतं. उद्या ढग आले तर? डाग आणखी पसरला तर? लोकांचे कपडे पुन्हा घेण्याची हिंमत मला होईल का? माहीत नाही. पण डोळे संपले असं मी ठरवून टाकलं होतं, आणि तो निकाल मी एका चुकीच्या दिव्याखाली बसून दिला होता. एवढं आता मला कळत होतं. पुढचं पुढे बघू. या क्षणी काखेचं वळण आलं होतं, जिथे दोन शिवणी एकमेकींना भेटतात आणि जिथे चांगले चांगले शिंपी चुकतात.

दार कधी उघडलं, पावलं कधी आली, तिला कळलं नाही.

"अगं बाई, हे काय? दोघं अंधारात काय बसलात?" लेकीचा आवाज होता. आणि खटकन वरची ट्यूब लागली.

सगळं पांढरं झालं. रेघ पुसली गेली, धागे गेले, सावल्या गेल्या, सुईखाली नुसतं काळं कापड उरलं.

"बंद कर तो दिवा!"

लेकीने घाईने बटण चाचपलं. मग खटका वाजला, ट्यूब गेली, आणि खालून, कडेने, रेघ पुन्हा हळूहळू आपल्या जागी आली.

"आई," लेक चाचरत म्हणाली, "टेम्पोवाला खाली उभा आहे. त्याला काय सांगू?"

"मला काय विचारतेस आता? दिसत नाही का, वळणावर आहे मी? आणि दिव्यात उभी राहू नकोस. हो तिकडे, अजून, भिंतीपाशी. काम चाललेलं असताना मधे बोलायचं नाही हे किती वेळा सांगायचं तुम्हा लोकांना!"

जमिनीवर बसलेल्या त्याला खोकल्याची उबळ आली. खोकलाच असेल असं नाही. लेक भिंतीला चिकटून उभी राहिली, लहानपणी राहायची तशीच. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, थांबून पुन्हा दिला. तो जाईल किंवा थांबेल, मशीन घेऊन जाईल किंवा रिकामाच परतेल, त्याचं काय करायचं ते तिला अजून ठरवायचं होतं आणि या घडीला त्यात लक्ष घालायला तिला अजिबात सवड नव्हती. कान तापले होते. हात मात्र स्थिर होता. असा राग, मधे कुणी बोललं म्हणून येणारा हा खणखणीत, हक्काचा राग तिला कितीतरी महिन्यांत आला नव्हता. तिने बाही फिरवली, मान जराशी कलती केली, आणि टाका पुढे सोडला. राग अजून उतरला नव्हता, आणि तो इतक्यात उतरू नये असं तिला मनापासून वाटत होतं.